यायची वाट

“म्हणजे मी राहू की जाऊ? एवढंच सांगा, बाबा.”

अच्युतबाबा चुलीत लाकूड सरकवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विश्वंभर घैसास पुण्यातली तर्कशास्त्राची प्राध्यापकी सोडून हिमालयातल्या या कुटीत आला होता. बाबांनी शिष्य म्हणून पत्करावं, एवढीच त्याची मागणी. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. सगळा हिवाळा असाच गेला आणि घैसासांच्या विश्वंभराचा धीर सुटला.

“अनुग्रह देणार नसाल तर आजच्या बसनं खाली जातो.”

“बस येणार आज?”

“बर्फ ढकलणारं यंत्र निघालंय म्हणे. त्याच्या मागून बस येईल.”

“मग आधी वाट काढ.”

कुटीपासून सडकेपर्यंतची वाट बर्फाखाली गडप झाली होती. फाल्गुनातला बर्फ तो, भिजलेल्या गोधडीसारखा जड. फावड्याला चिकटून बसायचा, झटकला तरी सुटायचा नाही. घैसास दारापासून सुरू झाला. आपण कामाला मागे हटत नाही, हे बाबांना दिसावं अशीही त्याची इच्छा होती. कंबर धरली, तळहात सोलवटले, पण गडी थांबला नाही.

दुपारी तो घाम पुसत वर आला.

“झाली वाट. या, बघा.”

बाबा उंबऱ्यापर्यंत आले. कपाळावर आडवा हात धरून त्यांनी खाली पाहिलं.

“कुठून काढलीस?”

“इथून. दारापासून थेट सडकेपर्यंत.”

“ही जायची वाट झाली… यायची कुठाय?”

आपण काहीतरी चुकीचं ऐकलं, असं घैसासला वाटलं.

“बाबा, वाट एकच असते. जाणाऱ्यालाही तीच आणि येणाऱ्यालाही तीच.”

“असं?”

“यात दोन मतं होऊच शकत नाहीत.”

“बरं,” बाबा म्हणाले. “मग जा.”

…

ते आत गेले. दार लागलं.

हा नकार होता, की नुसतंच बोलणं? घैसास बराच वेळ अंगणात उभा राहिला. अपमान झाला होता, हे नक्की. बाकी कशाचाच पत्ता लागत नव्हता. शेवटी त्यानं ओसरीवरची बॅग उचलली आणि तो सडकेवर जाऊन उभा राहिला.

यंत्र आलं. सडकेवरचा सगळा बर्फ कडेला लोटत घरघरत पुढे गेलं. लोटलेला ढीग नेमका वाटेच्या तोंडावर बसला, छातीएवढा. सकाळपासून काढलेल्या वाटेचीच वाट लागली म्हणायची.

खरं तर घैसासला त्याचं काय? त्याला जायचंच होतं. वाट बुजली काय आणि राहिली काय. पण त्याची नजर त्या ढिगावरून हलेना.

मागून बस आली. कंडक्टरनं दार उघडलं.

“चलना है, बाबूजी?”

“जरा थांबा. एवढं साफ करतो.” बोलून गेल्यावर घैसासलाच आपलं नवल वाटलं. त्यानं तेच पुन्हा हिंदीत सांगितलं.

कंडक्टरनं ढिगाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

“आप तो जा रहे हो. फिर आएगा कौन?”

आयुष्यभर वादात समोरच्याला गप्प करणारा घैसास बॅग खाली ठेवून ढिगाकडे वळला.

बस थोडी थांबली. मग गेली.

फावडं वरच राहिलं होतं. घैसासनं हातांनी उकरायला सुरुवात केली. आधी बोटं भाजल्यासारखी झाली, नंतर ती आहेत की नाहीत तेही कळेना. बस सोडून आपण हे काय करतोय? कुणासाठी? वर तर दार लागलेलं. ना धड घर, ना धड गुरू. त्याला रडू आलं, आणि रडू का येतंय ते न कळल्यानं रागही आला. तरी हात चालूच राहिले.

एका माणसापुरती फट झाली, तसा तो बॅग छातीशी धरून आत शिरला आणि चढण चढू लागला.

दार उघडं होतं. बाबा घोंगडी पांघरून उंबऱ्यात बसले होते.

“बाबा,” घैसास म्हणाला, “मला काहीसुद्धा कळलेलं नाही.”

बाबांनी त्याचे लालभडक हात धरून आपल्या घोंगडीत ओढून घेतले.

“ये,” ते म्हणाले. “केव्हाचा तुझी वाट पाहतोय.”