तुळसाच्या शिपायांचे बाण

रानाच्या कडेला, गवती खोपटात, तुळसा आणि तिचा चिमुकला भाऊ म्हादू राहत. आईबाप केव्हाच गेले होते. आता म्हादूला गोवर आला होता. दाराला निंबाचा डहाळा बांधला होता, म्हणून रीतीप्रमाणे आत कुणी पाऊल टाकीत नसे. शेजारच्या सखूकाकू पेजेची वाटी उंबऱ्याबाहेर ठेवीत आणि लांबूनच म्हणत, "तुळसे, तुला येऊन गेलाय गं गोवर. तूच बस त्याच्यापाशी!"

पण म्हादू पेज घेईना. इवलेसे ओठ फुटलेले, अंग निखाऱ्यासारखे. हाही आपल्याला सोडून जाणार, असे तुळसाच्या मनाने घेतले. ताजा डहाळा आणायला ती निंबाखाली गेली आणि तिथेच कोसळली.

तोच पांढऱ्याशुभ्र मोहरातून पोपटी, मोतिया प्रकाश झिरपला. त्यात नखाएवढी परी उभी होती.

"बाळे, एक इच्छा माग. मात्र मागशील ते तुझ्याजवळचेच हवे आणि त्याचे मोल आधी विचारायचे नाही."

"माझ्याजवळ काय आहे? त्याचा ताप तेवढा विझव!"

"ती आग त्याच्याच अंगातल्या द्वारपालांनी पेटवली आहे. ते जन्मापासून पहाऱ्यावर असतात; परका दिसला की तत्क्षणी तुटून पडतात. पण कोण आला होता, हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. आत दुसरे शिपाई आहेत. ते शत्रूचा चेहरा शिकतात, नेमके त्यालाच लागतील असे बाण घडवतात आणि तो चेहरा जन्मभर विसरत नाहीत. पण शिकायला दिवस लागतात."

"तोवर द्वारपाल थकले तर?"

परीने मान खाली घातली. तुळसा पुटपुटली, "माझे शिपाई शिकलेले आहेत ना? त्यांचे बाण त्याला दे."

"सगळे?"

"सगळे. मला पुन्हा गोवर आला तरी येऊ दे."

ती घरी परतली, तर म्हादू तसाच निपचित. दिवस मावळला, आशाही मावळली. त्याचा हात धरून ती बसून राहिली.

पहाटे तो हात गार लागला. तुळसा घाबरून त्याच्यावर वाकली.

"ताये, काकू पेजेत मीठ विसरल्या की काय?" म्हादू कुरकुरला. "वासावरूनच कळतंय!"

उंबऱ्यावर परी हसत होती. "उसने बाण सरतील, बाळे, पण तोवर त्याचे शिपाई शिकून तयार होतील. आणि तुझे? ते चेहरा विसरलेले नाहीत. नवे बाण घडवायला केव्हाच बसलेत."

मोतिया उजेड खोपटभर पसरला, दोघांच्या गालांना स्पर्शून गेला आणि परी त्यात विरघळली.