न कापता दाखवलेलं काळीज

“मेंढीचं काळीज दाखव! पण मेंढी कापायची नाही, रक्ताचा थेंब सांडायचा नाही. उद्या दुपारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तुमची साठच्या साठ मेंढरं आमच्या मुदपाकखान्यात!”

निंबगडचे हैबतराजे असे कडाडले आणि धुळा धनगर मटकन खालीच बसला. त्याची लेक ठकू मात्र उभीच राहिली.

झालं होतं असं. राजांनी परमुलखातून एक फुलझाड आणून बागेला त्याचं कुंपण केलं. पाला जरा चुरगळला की नाक धरावं लागे, म्हणून माळी त्याला घाणेरी म्हणत. राजांनी नाव ठेवलं राजरंजनी. झालं! त्या दिवसापासून अख्ख्या दरबाराला तिचा सुवास येऊ लागला.

पुढे बागेला खत हवं म्हणून धुळा धनगराची मेंढरं तिथं बसवली. पण त्यांनी हिरवळीला तोंड लावू नये म्हणून माळ्यानं त्यांना कुंपणाच्या कडेला कोंडलं. दोन दिवस उपाशी राहिलेली मेंढरं करणार काय? कुंपणच खाल्लं! आठवड्याभरात दहा-बारा मेंढ्यांचे डोळे पिवळे पडले, कान सुजले, आणि उन्हात काढलं की त्या तोंड लपवून सावलीला पळू लागल्या.

“महाराज, हा पाला काळजाला, कलेजीला बाधला,” ठकूनं बापाबरोबर दरबारात येऊन सांगितलं. “पोटात गेलेलं वाईटसाईट निपटायचं काम काळजाचं. तेच बसलं, म्हणून पित्त अंगभर पसरलं आणि ऊन सोसेना.”

राजवैद्य रंगोबा खो खो हसले. “अगं पोरी, राजरंजनी म्हणजे यकृताला अमृत! या मेंढ्यांची काळजं ठणठणीत आहेत. ढोंग करताहेत झालं!”

राजे खूश झाले आणि काळीज बिघडलंय म्हणतेस तर दाखवून दे, म्हणून त्यांनी तो अचाट हुकूम सोडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठकू आपल्या चांदीला घेऊन दरबारात आली. चांदी म्हणजे तिनं मांडीवर वाढवलेली मेंढी, आणि सगळ्यांत जास्त पिवळी पडलेलीही तीच.

“काळीज आणलंस?”

“आणलंय की. तिच्या पोटात आहे.”

दरबार हसला. ठकूनं हात जोडले. “हरले, महाराज. मेंढरं न्या. पण गडावर जनावर कापलं की पहिल्या कलेजीचा मान राजवैद्यांचा, होय ना?”

“वाडवडिलांपासून!”

“मग हिच्यापासूनच सुरुवात करा. तवा इथंच तापवा, आणि वैद्यबुवांनी तुमच्यासमोर ताट चाटूनपुसून खावं. मी मुकाट निघून जाईन.”

राजांना गंमत वाटली. तवा आला, खाटीक सुरी घासू लागला. ठकूनं चांदीच्या गळ्यात हात टाकला. बुवा खरंच खादाड निघाला तर चांदी गेली!

रंगोबांनी चांदीचे डोळे पाहिले आणि त्यांना घाम फुटला.

“महाराज, आज माझी एकादशी!”

“काल तर अष्टमी होती, बुवा!” ठकू म्हणाली.

“म्हणजे... पोट जरा बिघडलंय.”

“मग तर खायलाच हवं! अमृतावर पोसलेलं काळीज आहे.”

“दात दुखतोय गं!”

“बारीक चिरायला सांगते!”

“खा की रंगोबा!” राजे खेकसले. “आमचा हुकूम आहे!”

खाटकानं सुरी उचलली, तशी रंगोबांनी राजांच्या पायांवर लोळण घेतली. “नको महाराज! त्या घाणेरीनं तिचं काळीज पार नासलंय! डोळे बघूनच मला कळलं होतं!”

“मग काल का बोलला नाहीत?”

“आपण हौसेनं नाव ठेवलेलं झाड... जीभच रेटेना, महाराज!”

ठकूनं पुढे होऊन खाटकाचा हात धरला.

“महाराज, मेंढी तुमच्यासमोर उभी आहे. कुठं कापली नाही, थेंबभर रक्त सांडलं नाही. आता सांगा, वैद्यबुवांच्या तोंडावर दिसलं की नाही तिचं काळीज?”

राजांनी एकदा मेंढीकडे पाहिलं, एकदा रंगोबांकडे, आणि मग ते असे हसत सुटले की मुंडासं घसरून मांडीवर आलं!

“शाबास गं वाघिणी! माग, काय हवं ते माग!”

“बागेतली हिरवळ आणि झाडांची सावली. मेंढरं बरी होईपर्यंत.”

“कायमची दिली!” राजे डोळे पुसत म्हणाले. “आणि अरे, कुणीतरी कुदळ आणा! कुंपण मुळासकट उपटायचंय, ती कुदळ वैद्यबुवांच्या हातात द्या!”