कुरंगीची हाक

पूर्वी हेमतीर नगरात जनसंध नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या नावाड्यांच्या वस्तीत जन्माला आला होता.

त्या वस्तीपुढून मंदिनी नदी वाहत असे. हिवाळ्यात सकाळी तिच्यावर असे दाट धुके उतरे, की नावेच्या एका टोकाला बसलेल्याला दुसरे टोक दिसत नसे. घाटाच्या खालच्या अंगाला एक उंच कातळ पाण्यात घुसला होता आणि त्याच्या पायथ्याशी मोठा भोवरा होता. म्हणून वस्तीने एक रीत पाळली होती. धुके पडले की घाटावर हाकाऱ्या उभा राही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक नावाड्याला तो नाव घेऊन हाक मारी आणि थांबे. नावाड्याची ओ आली, की ती कुठून आली ते ऐकून सांगे, “उजवीकडे घे,” किंवा “सरळ ये बाबा, घर आलं.”

चाळीस वर्षे हे काम बोधिसत्त्वाकडे होते. त्याची हाक पलीकडच्या काठावरच्या बगळ्यांनाही ओळखीची झाली होती, असे लोक थट्टेने म्हणत. पण साठी उलटली आणि त्याचा घसा बसू लागला. कान मात्र शाबूत होते. पुढे पुढे त्याची हाक जेमतेम घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचू लागली, आणि ते आधी त्याच्याच लक्षात आले.

त्याला शोणक नावाचा एकुलता एक मुलगा होता. वस्तीतला सर्वांत चांगला नावाडी, पण आवाजाने बेताचा. त्याची बायको कुरंगी डोंगरावरच्या गुराख्यांची लेक होती. कामाला वाघीण, स्वभावाने लाघवी, फक्त बोलणे एवढे हळू, की ती काय म्हणाली ते समोरच्याला दोनदा विचारावे लागे. सासू धनिष्ठा मनाची फार प्रेमळ. पोरीच्या घशाला काहीतरी दुखणे आहे, असे तिने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकले आणि रोज सकाळी ज्येष्ठमध उगाळून तिला चाटवायला सुरुवात केली. कुरंगीही काही न बोलता चाटी. वर्षभर हे चालले.

एके दिवशी बोधिसत्त्व नदीकाठच्या राळ्याच्या शेताकडे निघाला होता. कणसांवर पोपटांचा थवा उतरला होता आणि कुरंगी एकटीच राखणीला होती. आसपास कोणी नाही असे पाहून तिने पोपटांना एक आरोळी ठोकली. पोपट तर उडालेच, पण नदीच्या मधल्या बेटावरचे बगळेही उडाले, आणि बोधिसत्त्व होता तिथेच थबकला. चाळीस वर्षे घाटावर उभा राहूनही त्याने असा आवाज ऐकला नव्हता. तो नुसता मोठा नव्हता, स्वच्छ होता. त्यातला शब्द न् शब्द पलीकडे पोचत होता.

सासऱ्याला पाहताच कुरंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“मामंजी, कोणाला सांगू नका,” ती कुजबुजली. “आमच्याकडे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर गुरं हाकारतात. आम्हां सगळ्यांचाच आवाज मोठा, माझा जरा जास्तच. दोन स्थळं त्यापायी मोडली. निघताना आईनं शपथ घातली, की सासरी भांड्याला भांडं लागल्याचासुद्धा आवाज करू नकोस. त्यांना तर ठाऊकच नाही.” ‘त्यांना’ म्हणजे शोणकाला. नवऱ्याचे नाव बायकोने उच्चारू नये, अशी दोन्हीकडची रीत होती.

बोधिसत्त्व तिच्याशेजारी बांधावर बसला.

“पोरी, माझा आवाज मी कमावला नव्हता, तुझा तू कमावला नाहीस. जन्माबरोबर आला तो आला. तो कोणाच्या कामी यावा, एवढंच आपल्या हातात असतं. माझ्यामागे घाटावर उभं राहायला मी माणूस शोधतोय, आणि तो माझ्याच चुलीपाशी बसून ज्येष्ठमध चाटतोय!”

कुरंगीला हसू आले, पण तिने मान हलवली. “बाईमाणसानं घाटावर उभं राहून परक्या पुरुषांच्या नावानं ओरडायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“बरं. तुझी गोष्ट आहे, ती मी उघडी करणार नाही. शब्द देतो. पण विचारत राहीन हो.”

आणि तो खरोखरच विचारत राहिला. जेवताना, जाळी दुरुस्त करताना, हळूच म्हणे, “मग, सूनबाई?” ती लाजून खाली पाही. बोधिसत्त्व ना तिला रागे भरला, ना त्याने गुपित कोणाला सांगितले. त्याला ती लेकीसारखी होती, आणि तिच्या मनातली भीती त्याला कळत होती.

इकडे वस्तीला हाकाऱ्याची काळजी लागली होती. तेव्हा नगरातून एक भली थोरली भेरी आणण्यात आली. तिच्यावर टिपरी पडली की छातीत धडधडे. लोक हरखून गेले. आता कोणाच्या घशाची मिजास नको, असे म्हणू लागले. बोधिसत्त्व म्हणाला, “भेरीचा आवाज मोठा आहे, पण तिला कोणाचं नाव घेता येत नाही आणि कोणाची ओ ऐकू येत नाही.” म्हाताऱ्याला आपले काम सुटल्याचे वाईट वाटते आहे, असे समजून लोकांनी त्याची प्रेमाने समजूत घातली.

पौषातली गोष्ट. पलीकडच्या बाजारातून शोणकासह सात नावा धान्य आणि माणसे घेऊन सकाळी परत निघाल्या, आणि मधल्या प्रवाहात असतानाच धुके उतरले. घाटावर भेरी वाजू लागली. सगळी वस्ती निर्धास्त उभी होती. बोधिसत्त्व मात्र पाण्याच्या कडेला जाऊन कान देऊन ऐकू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. भेरीचा नाद कातळावर आपटून परत येत होता. नदीतून ऐकणाऱ्याला दोन भेऱ्या वाजत होत्या, एक घाटावर आणि एक कातळात, दोन्ही सारख्याच. वल्ह्यांचे आवाज हळूहळू कातळाकडे सरकत होते.

“थांबवा!” तो ओरडला. शेजारच्यालाही ऐकू गेले नाही. तेव्हा त्याने धावत जाऊन वाजवणाऱ्याच्या हातातल्या टिपऱ्या हिसकावून घेतल्या. एकदम शांतता झाली. त्या शांततेत भोवऱ्याची घरघर आणि तिच्याच दिशेने वल्ह्यांचे आवाज सर्वांना ऐकू आले आणि मग काय झाले आहे ते सर्वांना समजले. वस्तीची पाचावर धारण बसली. पुरुषांनी हाका मारून पाहिल्या. त्या धुक्यात विरून गेल्या.

कुरंगी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. बोधिसत्त्व तिच्याजवळ गेला. त्याचा पोटचा मुलगा त्या पाण्यावर होता, तरी त्याने तिच्याकडे बोट दाखवले नाही. फक्त तिला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला, “मी शब्द मोडलेला नाही, पोरी. पण आज शेवटचं विचारतो.”

कुरंगीने एकदा सासूकडे पाहिले, एकदा धुक्याकडे. मग ती घोळक्यातून बाहेर आली आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

“अहो!” तिने हाक मारली.

घाटावरच्या लोकांच्या कानठळ्या बसल्या. पण त्या सातही नावांत नवरेच होते. ओ कोणी द्यायची? बोधिसत्त्व तिच्या कानाशी म्हणाला, “नाव घे, बाळ.” तिने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नाव घेतले.

“शोणक! शोणक हो!”

कोणीच ओ दिली नाही. वल्ह्यांचे आवाज उलट थांबले.

आता नावाड्यांची एक समजूत अशी होती, की धुक्यात अनोळखी बाईच्या आवाजात आपले नाव ऐकू आले तर ती नदीतली यक्षिणी असते. तिला ओ दिली की माणूस बुडालाच. शोणकाच्या नावेवर हेच झाले. त्याने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. वर्षभर एका घरात राहून, एका चुलीवरचे खाऊन त्याला आपल्या बायकोची हाक ओळखता येत नव्हती. वल्ही हातात धरून तो जीव मुठीत घेऊन गप्प बसला, त्याचे पाहून बाकीचेही बसले, आणि प्रवाह सगळ्या नावांना भोवऱ्याकडे ओढू लागला.

कुरंगीला ते कळले. आपण जे लपवले त्याची किंमत आज कोण देणार आहे, हे तिला लख्ख दिसले. मग तिला लाजही राहिली नाही आणि शपथही आठवली नाही.

“अहो, मी यक्षिणी नाही, कुरंगी आहे!” ती ओरडली. “खोटं वाटत असेल तर ऐका! परवा माझ्या हातून पेजेत दोनदा मीठ पडलं. तुम्ही चकार शब्द न बोलता सगळी पेज प्यायलात, आणि मग गोठ्यामागं जाऊन अख्खी घागर तोंडाला लावलीत! मी पाहिलं सगळं! त्या दिवसापासून तुम्ही मला फार आवडता, पण सांगायचं कसं ते कळत नव्हतं! आता देता का ओ?”

मग धुक्यातून कोणीतरी खो खो हसले, आणि त्या हसण्यापाठोपाठ शोणकाचा तो बेताचा आवाज आला, “ओ! ओ, कुरंगी!”

बोधिसत्त्वाने डोळे मिटून कान टवकारले. “कातळ त्याच्या डाव्या हाताला आहे, अगदी जवळ,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “उजवीकडे घेऊ दे.” कुरंगीने ते नदीभर पोचवले. “आता सरळ.” तेही तिने पोचवले. शोणकाची नाव धुक्यातून बाहेर आली तेव्हा त्याचे डोळे पाण्याने भरले होते. मग बाकीच्या सहा जणांची नावे एकामागून एक घेतली गेली. एकानेही ओ द्यायला उशीर केला नाही. सगळ्या नावा काठाला लागल्या.

धनिष्ठेने सुनेला कवेत घेतले आणि रडता रडता म्हणाली, “मेले, आणि मी वर्षभर ज्येष्ठमध उगाळला!” लोकांनी शेण घातले नाही. त्या दिवसापासून घाटावर दोघे उभे राहू लागले. ऐकण्याचे काम सासऱ्याचे, सांगण्याचे सुनेचे. भेरी लग्नांत वाजवायला ठेवली गेली. ज्यांच्या सुना-लेकींचा आवाज मोठा होता, त्यांच्या घरांत पुढे कोणी कोणाला गप्प बसवले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली ती थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, सुभगेला उद्देशून. तिला सारी सूत्रे मुखोद्गत होती आणि वाणी अत्यंत गोड होती, पण अहंकार होईल या भयाने ती पाठाच्या वेळी शेवटच्या खांबाआड बसत असे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळी शोणक होता तो आजचा भिक्षू यशोमित्र. मायाळू धनिष्ठा म्हणजे आजाऱ्यांना रोज पेज आणून देणारी ही उपासिका रेवती. तो घसा बसलेला म्हातारा मीच होतो. आणि कुरंगी होतीस तू, सुभगे. तेव्हाही तुला पुष्कळ वेळ लागला होता.”

सगळा संघ हसला, सुभगाही हसली. ती खांबाआडून उठून पुढे आली आणि पाठ म्हणू लागली. मागच्या ओळीत काही अतिवृद्ध भिक्षू बसत. कित्येक वर्षे ते पाठ म्हणणाऱ्यांचे नुसते ओठ हलताना पाहून हात जोडत आले होते. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा शब्द ऐकू आले.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, जे जन्माबरोबर मिळाले ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचवणे, हीच दानपारमिता.”