लांब पॅडलची पारख

नाशिकच्या एका क्लबात पिकलबॉल या टेनिससारख्या खेळात गायधनीबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. स्पर्धेसाठी संघाची यादी लागली, तेव्हा अध्यक्ष निकुंभसाहेबांनी बाईंचं नाव खोडून आपल्या सुनेचं घातलेलं होतं. सून जेमतेम दोन महिने खेळत होती. त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर हाक मारली. टेबलावर महागडी पॅडल्स, म्हणजे या खेळाच्या फळीसारख्या बॅटी, मांडली होती.

"बाई, तुमचं आता वय झालं, पण पारख चांगली आहे. सूनबाईंसाठी एक निवडून द्या. फटक्याला जोर हवा आणि चेंडूवर ताबाही हवा."

बाईंनी एकेक पॅडल हातात तोलून पाहिलं आणि लांब फळीचं एक पुढे केलं.

"हे घ्या. लांबीमुळे जोर येईल."

"आणि ताबा?"

"तो मनगटात असतो, साहेब. पॅडल तुम्ही विकत आणलंत, पण मनगट कालच यादीतून खोडलंत."

साहेबांचा चेहरा पडला. यादी मात्र बदलली नाही, आणि संघ पहिल्याच फेरीत हरला.

सामना हरल्याच्या संध्याकाळी क्लबातले चौघं बाईंच्या घरी आले. "काय सणसणीत उत्तर दिलंत हो!" म्हणून कौतुक करू लागले.

बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "माझं नाव खोडलं, तेव्हा तुमच्यापैकी कोण बोललं?"

चौघांनी खाली मान घालून चहा संपवला.