दुसऱ्याचा घाट

एक होतं शहर. शहराला राजाही होता, पण त्याचं मग बघू, कारण त्याच्याआधी तिथं नदी होती. तिचं नाव मैनावती. आणि बरं का, ही नदी बोलायची! सगळ्यांशी नाही हं. फक्त हौसाक्का कासारणीशी.

हौसाक्का घरोघरी जाऊन बांगड्या भरायची. तिला ना माहेर ना सासर, एकटा जीव. सकाळभर बायकांचे हात हातात घ्यायचे आणि दुपारी नदीत पाय सोडून मैनावतीशी पोटभर गप्पा मारायच्या. एवढंच तिचं सुख.

पण नदीकाठी होत्या तीन आळ्या. सगळ्यांत वर माळ्यांची. ते सडका भाजीपाला नदीत टाकायचे. मग रंगाऱ्यांची. ते उरलेला रंग ओतायचे. मग कुंभारांची. ते भट्टीची राख लोटायचे. आणि सगळ्यांत खाली राजवाडा. एके दिवशी राजा पांढरंशुभ्र धोतर नेसून आंघोळीला उतरला आणि बाहेर आला तो हिरवागार! डोक्यावर मुळ्याचा पाला! हसू नका, राजा होता तो.

राजा असा चिडला, असा चिडला! म्हणाला, "संक्रांतीपर्यंत ही नदी स्वच्छ झाली नाही, तर बुजवा तिला आणि वर रस्ता करा." दवंडी पिटली.

हौसाक्काच्या पायाखालची जमीनच सरकली. धावत घाटावर गेली. "मैने, ऐकलंस का गं?"

नदी बसक्या आवाजात म्हणाली, "ऐकलं. पण मला आता बोलवतच नाही, अक्का."

हौसाक्का ढसाढसा रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

मग काय केलं तिनं? तिन्ही आळ्यांत गेली, हात जोडले. "आपापला घाट तेवढा साफ करा." माणसं वाईट नव्हती हो. लागली कामाला. माळ्यांनी घाण लोटली रंगाऱ्यांकडे. रंगाऱ्यांनी लोटली कुंभारांकडे. कुंभारांनी लोटली राजवाड्याकडे. तिन्ही घाट लखलखीत आणि राजाच्या दारात हा एवढा डोंगर!

मग हौसाक्का पुन्हा गेली. "आता कुणी खाली लोटायचं नाही." बरं, म्हणाले सगळे. पण वरच्यांची घाण आपल्याकडे नको, म्हणून एकेका आळीनं नदीत बांबूचा कूड घातला. पाणी जागच्या जागी थांबलं आणि कुडावरून येणारी घाण पुन्हा पायऱ्यांवर साचली. डास झाले. हौसाक्कानं हाका मारल्या, "मैने! ए मैने!" नदी गप्प. एक शब्द नाही.

आता मात्र हौसाक्काचं डोकं फिरलं. संक्रांत आठवड्यावर आलेली. नव्या बांगड्यांशिवाय संक्रांत असते का कधी? चौकात तिनं टोपली ठेवली आणि ठणकावून सांगितलं, "ऐका गं बायांनो! दुसऱ्याचा घाट ज्या हातांनी धुतला, त्याच हातांत मी बांगडी चढवीन. दुसऱ्याचा! आपला न्हवं!"

"असं कुठं असतंय व्हय, अक्का?"

"हितं असतंय!"

आणि खोटं बोलायची सोय नव्हती. तिनं नुसता हात दाबला, की कळायचं, हा गाळात राबलाय की नाही.

मग निघाल्या बायका. पुरुषांनाही कामाला जुंपलं. माळी गेले रंगाऱ्यांच्या घाटावर आणि पायऱ्या खरवडायला बसले. "अगं बाई, हा तर आमचाच भोपळा!" रंगारी गेले कुंभारांच्या घाटावर. तिथल्या पायऱ्या निळ्याजांभळ्या, घासून घासून त्यांचे हात दुखले. कुंभार गेले राजवाड्याच्या घाटावर, ढोपरभर राखेत. राहिला माळ्यांचा घाट. तिथं कोण गेलं? राणी! तिलाही बांगड्या हव्याच होत्या की. तिनं राजाला पुढं घातलं.

राजा नाक मुरडत गाळात हात घालतो, तर काय निघालं? हार! त्याच्याच गळ्यातले सुकलेले हार. आपला घाट खराब नको, म्हणून राजवाड्याचे नोकर ते इतक्या वर आणून टाकायचे. राजाची मान खाली गेली. त्यानं स्वतःच्या हातांनी पहिला कूड उपसला.

मग सगळे कूड निघाले. माळ्यांनी खताचा खड्डा केला, त्यातच राजाचे हार गेले. रंगाऱ्यांनी रंगासाठी वेगळं टाकं बांधलं. कुंभारांनी राख घरोघरी भांडी घासायला दिली. संक्रांतीला ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या घाटावर जाऊन तिळगूळ वाटला, गाणी म्हटली. दर वर्षी तसंच करायचं ठरलं.

त्या दुपारी बांगड्या भरून दमलेली हौसाक्का पाण्यात पाय सोडून बसली. "मैने?" काही नाही. "मैने, बोल की गं!"

आणि पाणी खुदकन हसलं. "अक्का! अगं, ती रंगाऱ्यांची सून काय गोड गाते! आणि राजाला धड बसून घासता येत नाही, बघितलंस का? आणि तो माळी..." जी सुरू झाली ती थांबेचना. हौसाक्काला मधे एक शब्द घालू देईना!

तेवढ्यात राजा आला. म्हणाला, "हौसाक्का, काय बक्षीस देऊ?"

हौसाक्का वळलीसुद्धा नाही. "वाईच थांबा, महाराज. ती सांगतीया."

राजा आपला गुपचूप पायरीवर बसला. पुढं सगळी सुखानं नांदली. त्या दोघी तर अजून बोलतायत म्हणे. बोलू देत त्यांना. तुमची बडबड मात्र आता पुरे. कुशीवर वळा आणि मिटा डोळे.