हरताळाची वाटी

एकदा एका लेखनिकाचा हात थांबला. पोथ्यांच्या नकला करून देणे हा त्याचा व्यवसाय, आणि त्याच्या अक्षराची कीर्ती अशी की त्याने लिहिलेले पान हाती आले की लोक वाचण्याआधी क्षणभर नुसते पाहत बसत. नदीपलीकडच्या मठातील एक जुना ग्रंथ त्याच्याकडे नकलेसाठी आला होता. त्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठेही नव्हती, आणि असलेल्या प्रतीला कागद खाणारी कसर लागली होती. पान उचलले की कडेचा चुरा मांडीवर पडे. त्या चुऱ्यात कधी एखादे अक्षर असे, कधी अर्धी ओळ.

काम त्वरेने व्हायला हवे होते. परंतु लेखनिकाची रीत निराळी होती. लिहिताना माणूस चुकणारच, हे जाणून जुन्या लेखनिकांनी एक सोय करून ठेवलेली आहे. हरताळाची पिवळी पूड डिंकाच्या पाण्यात खलायची, चुकलेल्या अक्षरावर पातळ लेप द्यायचा, आणि तो वाळला की त्यावरच पुन्हा लिहायचे. कागद पिवळसर असल्याने लेप फारसा दिसतही नाही. प्रत्येक लेखनिकाच्या पेटीत दौतीशेजारी हरताळाची वाटी असे. याच्या पेटीत ती नव्हती. ज्याला चुकायचे आहे त्याने ती बाळगावी, असे तो म्हणे. एक मात्रा वाकडी गेली की सबंध पान फाडून तो पहिल्या शब्दापासून आरंभ करी. नववे पान त्याने तेवीस वेळा लिहिले. चोविसाव्या वेळी बोरू शाईत बुडवला, पानावर नेला, आणि बोरू तेथेच राहिला. हात हलेना. दुसऱ्या दिवशीही हलेना. असे तीन महिने गेले.

"अहो, हात दुखतो का?" पत्नीने विचारले.

"दुखत नाही. घाबरतो."

"घाबरता तुम्ही, आणि नाव मात्र हाताचे," ती म्हणाली. "पाय तर धड आहेत ना? मग चालत जा आणि कोणाला तरी दाखवा."

त्या प्रांतात मनाच्या दुखण्यावर उपाय करणारे काही वैद्य होते. ते काढे देत नसत. समोर बसवून विचारीत, आणि पुष्कळ ऐकत. निघण्यापूर्वी लेखनिकाने उत्तम वैद्याची लक्षणे बोटांवर मोजली. ती एकवीस भरली. तो विसरणारा नसावा, घाई करणारा नसावा, त्याने एकच प्रश्न दोनदा विचारू नये, आणि असेच पुढे.

पत्नीने सगळी ऐकून घेतली. "एवढी लक्षणे तर माझ्या वडिलांनी जावई शोधतानाही पाहिली नव्हती," ती म्हणाली.

लोककथेतला रोगी औषधासाठी सात डोंगर ओलांडतो. याने तीन गावांच्या वेशी ओलांडल्या आणि प्रत्येक गावातून एकेक दोष घेऊन परतला. पहिला वैद्य याचे वाक्य अर्धे असतानाच सुटलेले वासरू बांधायला उठला. दुसऱ्याने जांभई दिली. तिसऱ्याने विचारले, "तुला भावंडे किती?", आणि घटकाभराने पुन्हा तेच विचारले. इकडे कसर आपले काम करीतच होती. तिला अक्षराच्या वळणाशी काही कर्तव्य नव्हते.

चौथा वैद्य सत्तरी ओलांडलेला होता आणि एका कोष्ट्यांच्या वस्तीत राहत असे. पहिल्या दिवशी त्याने लेखनिकाला ओसरीवर बसवून दुपारभर ऐकून घेतले. मनातल्या मनात लेखनिकाने एकोणीस लक्षणे जुळवली. उरलेली दोन पुढे जुळतील असे त्याला वाटले. चार महिन्यांत प्रथमच त्याला आशा वाटली.

"मंगळवारी सकाळी ये," वैद्य म्हणाला.

मंगळवारी लेखनिक तीन कोस चालून आला, तर दाराला कडी. तो ओसरीच्या कडेला बसला. ऊन पायांवर आले, गुडघ्यांवर आले, डोक्यावर आले. तेव्हा कोठे वैद्य मेथीच्या दोन जुड्या काखेत मारून रस्त्याने येताना दिसला.

"अरे, तू आज कसा? तुझे उद्या ठरले होते ना?"

"आपण मंगळवार म्हणाला होतात."

वैद्य आत गेला, आपली वही घेऊन आला आणि डोळ्यांशी धरून पाहू लागला. "म्हणालो मंगळवार, आणि लिहिला बुधवार," तो म्हणाला. "चूक माझी. तू एवढे चालून आलास आणि उन्हात बसलास, याचे मला वाईट वाटते." एवढेच बोलून तो थांबला. त्याने सबब सांगितली नाही की गयावया केली नाही.

लेखनिक उठला. त्याने वहाणा पायांत सरकवल्या. "येतो मी," तो म्हणाला, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

"ये बाबा. जाण्याआधी एवढे सांग, त्या तिघांनाही तू नेमका असाच सोडलास का?"

लेखनिक अंगणात उतरला आणि थबकला. त्यावर वैद्याने जे केले ते त्याला अगदीच विचित्र वाटले. दुखावलेला रोगी अंगणात उभा असताना तो म्हातारा कोनाड्यातून हरताळाची पुडी आणि लहानसा खल काढून बसला, आणि वहीतला बुधवार झाकण्यासाठी पिवळी पूड खलू लागला. लेखनिक पाहत राहिला. वैद्याने लेपाचा एक गोळाच कागदावर ठेवला तेव्हा मात्र त्याला राहवले नाही.

"इतका दाट नको. वाळला की तडे जातील."

"असे? मग कसा?"

"डिंक कमी पडला आहे. तो खल इकडे द्या."

वहाणा काढून तो ओसरीवर येऊन बसला. गोळा त्याने पुसून काढला. गुरूच्या घरी शिकलेले सगळे त्याच्या बोटांत होते. त्याने डिंकाचे पाणी थेंबथेंब घातले, पूड मऊ होईपर्यंत खलली, आणि बुधवारावर पातळ लेप दिला. मग दोघेही तो वाळण्याची वाट पाहत बसले. त्या वेळात करण्यासारखे काहीच नव्हते.

"आता तूच लिही," वैद्य बोरू पुढे करीत म्हणाला. "माझे अक्षर कोंबडीचे, आणि वारांशी तर माझे जन्माचे वैर."

लेखनिकाने बोरू घेतला आणि 'मंगळवार' लिहिले. शेवटच्या अक्षराशी आल्यावर त्याच्या ध्यानात आले की हात चालतो आहे. त्याच धक्क्याने 'र'चा पाय थोडा घसरला. तो त्या 'र'कडे पाहत राहिला. नंतर त्याने वैद्याकडे पाहिले.

"वाचता येते," वैद्य म्हणाला.

लेखनिकाने बोरू खाली ठेवला. मग वैद्य सावकाश म्हणाला, "पेटीतली वाटी तू काढून टाकलीस, त्याने चुका थांबल्या नाहीत. त्यांना राहायला जागाच उरली नाही, म्हणून जाताना त्या सबंध पान घेऊन गेल्या. वैद्यांच्या बाबतीतही तू तेच केलेस. एक अक्षर चुकले की सबंध वैद्य फाडलास. कधीही न चुकणारा वैद्य तुला भेटला असता, तर त्याच्यापुढे तू तोंड उघडले असतेस का? त्याच्यासमोरही पान कोरेच ठेवले असतेस. चुकल्यानंतरही ज्याच्यासमोर बसून राहता येईल, असा माणूस तुला हवा आहे. तो मी आहे की नाही, हे आज मला सांगता येणार नाही. दर मंगळवारी आलास तर दोघांनाही कळेल."

लेखनिकाचे खांदे चार महिने कानांपर्यंत चढलेले होते. ते हळूहळू खाली आले. त्याने असा दीर्घ श्वास सोडला की मेथी निवडायला घेतलेल्या वैद्याने मान वर करून पाहिले. मग तो बोलू लागला. त्या दुपारी त्याने जे सांगितले ते वैद्याने कधी कोणाला सांगितले नाही. म्हणून या कथेतही ते नाही.

तिन्हीसांजेला तो घरी पोहोचला.

"कसा काय आहे हा वैद्य?" पत्नीने विचारले.

"विसरभोळा आहे."

"म्हणजे आता पाचवा शोधायचा?"

"नाही," तो म्हणाला. "याच्याकडेच जायचे आहे. आणि वाढ आधी. पोटात आग पडली आहे."

भूक लागल्याचे तो चार महिन्यांत पहिल्यांदाच बोलला होता. पत्नीने त्यावर काही टोमणा मारला नाही. मुकाट्याने ताट केले.

उपचार वर्षभर चालला. काही मंगळवारी त्याचा हात पुन्हा थांबला, आणि एकदा तर त्याने सबंध पान फाडून वैद्यापुढे नेऊन ठेवले. तरी ग्रंथाची नकल पुरी झाली. हात थांबलेला असताना ज्या चौदा ओळी कसरीने खाल्ल्या, त्या मनाने रचून भरण्याचे त्याने टाळले आणि तेवढ्या जागा मोकळ्या सोडल्या. मठात आजही ती प्रत मोठ्याने वाचतात. तिच्यात पिवळे लेप पुष्कळ आहेत, पण वाचणारा त्यांच्यावर कधी अडखळत नाही. तो अडखळतो तो कोऱ्या जागांवर.