हणमाक्काच्या ठेवलेल्या कमानी

फार वर्षांपूर्वी, हत्तरगावच्या माळावर बाभळीशिवाय काही उभं नव्हतं तेव्हा, तिथे हणमाक्का नावाची वडारीण राहायची. दगड फोडायची, घडवायची आणि बांधायचीही. बाईमाणसानं गवंड्याचा ओळंबा धरू नये असं तेव्हा सगळे म्हणत. तिच्यासमोर मात्र कुणी म्हणत नसे. असं म्हणतात, तिनं कान लावला की दगड आपली शीर कुठे आहे ते स्वतः सांगायचा. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

एका वर्षी जोंधळा उदंड पिकला. रायगोंडा पाटलांनी तिला बोलावून सांगितलं, “गावाला कोठार बांध. खिडकी नको, झरोका नको. एक दार, आणि त्याला माझं कुलूप.”

तिनं बांधलं. असं म्हणतात, त्या भिंतीवरून पालसुद्धा घसरायची. पण वास्तुशांतीच्या दिवशी पाटील भोवती फिरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. भिंतीभिंतीत कमानी होत्या. दगडांनी बुजवलेल्या, पण कमानीच.

“हणमे, मी कोठार सांगितलं होतं. ही दारं कुणासाठी बांधलीस?”

“बांधली न्हाईत, पाटील. ठेवल्यात.”

“कशाला?”

“आज जोंधळा हाय. उद्या काय असंल, ते तुमाला ठावं हाय का मला?”

माणसं हसली. पाटील नाही हसले. “माझ्या नातवांचे नातू येईपर्यंत हे कोठारच राहील!” म्हणाले. बांधणारीला मानाचं म्हणून आणलेलं इरकली लुगडं त्यांनी ताटातून उचललं आणि घरात परत पाठवलं. मजुरी दिली, मान दिला नाही.

हणमाक्कानं हातोडा खांद्यावर टाकला. “जपून ठेवा. त्या लुगड्याचा मान एक दिस तुमीच द्याल,” म्हणाली, आणि गाढवांवर बिऱ्हाड लादून चालती झाली.

पुढे पाऊस रुसला. कोठार रिकामं झालं आणि वर तापाची साथ आली. घरोघर माणसं आडवी पडली, पाटलांची सून शांतव्वासुद्धा. वैद्य म्हणाले, आजाऱ्यांना घरापासून लांब, मोकळ्या वाऱ्यात ठेवा. पण वर छप्पर हवं. एवढं छप्पर गावात एकच, कोठाराचं. आणि आत तर भर दुपारी काळोख, जीव घुसमटावा अशी हवा.

पाटलांनी पहारी मागवल्या. गडी भिंतीवर तुटून पडले. पहारी वाकल्या, पण भिंत हलेना. हललं ते छप्पर. बुजवलेल्या कमानी उघडायच्या कशा, ते बांधणारीलाच ठाऊक. तेव्हा पाटील घोड्यावर बसले आणि हणमाक्काच्या तळावर गेले.

“अक्का,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. “शांतव्वा जाईल गं.”

तिनं चूल विझवली आणि निघाली. लुगड्याचं नावही काढलं नाही.

आल्या आल्या तिनं पहारी फेकून द्यायला लावल्या. “भीत फोडायची नस्ती. तिला इचारायचं.” हातोड्याच्या दांड्यानं ती एकेक कमान ठोकत गेली. बुजवणीत चुना नव्हताच. सगळे दगड मातीत बसवलेले, एका पाचरीच्या दगडानं दाबून धरलेले. पाचर उपसली की पोत्यातून जोंधळा सांडावा तसे दगड सांडत, आणि वरची कमान छप्पर पेलून तशीच उभी.

असं म्हणतात, वारा बाहेरच थांबला. त्यानं हणमाक्काकडे पाहिलं, आणि तिनं मान हलवली तेव्हाच वाकून आत गेला. आडव्या पडलेल्या माणसांच्या कपाळावरून हात फिरवला आणि पलीकडच्या कमानीतून निघाला, तो ताप घेऊनच.

शांतव्वा उठली. पाटलांनी ते लुगडं स्वतःच्या हातांनी ताटात ठेवलं आणि शांतव्वानं ते पुढे आणलं. “अक्का, नेसा.”

“मी आज हितं, उद्या तिथं. हिला नेसव,” हणमाक्का म्हणाली, आणि मधली कमान दाखवली. “आन् ह्ये दगुड फेकू नगासा. परत लागतील.”

लागले. तिथे पुढे शाळा भरली, मग विणकरांचे माग बसले, सुगीला पुन्हा जोंधळाही राहिला. आता दुधाचे कॅन असतात. काम बदललं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई पाचर उपसते नाहीतर बसवते, आणि मधल्या कमानीला इरकली लुगडं चढतं. पुरुषांनी तेव्हा मागे उभं राहायचं. पाटलांचं कुलूप कुठे गेलं, कुणाला ठाऊक नाही.

हत्तरगावात आजही घर बांधलं, अगदी सिमेंटचं बांधलं, तरी एक कमान मातीनंच बुजवतात. नवी सून हमखास विचारते, हे दार कुणासाठी बांधलंय?

“बांधलं नाही, बाई,” सासू सांगते. “ठेवलंय.”